सेशेल्स: एकाच दिवसात महाकाय कासवं आणि समुद्रपक्षी, कसं जमवावं?

परळची_चाळ

दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरमध्ये, मुंबईहून सेशेल्सला पाच रात्रींसाठी जायचं ठरतंय. माणसं चार: आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची आणि आई ६८. आई सपाटीवर दोन किलोमीटर आरामात चालते, पण उजवा गुडघा चढ-उताराला साथ देत नाही. मुलीला टेबलाएवढी कासवं मोकळी फिरताना बघायची आहेत. मला पक्षी हवेत. शिवडीचे रोहित आणि भांडुपचं पंपिंग स्टेशन यापलीकडे समुद्रपक्षी असे कधी बघितलेले नाहीत.

बाकीचे दिवस किनाऱ्यावर लोळण्यासाठी राखीव आहेत, त्यावर घरात तडजोड नाही. म्हणजे बेटांसाठी एकच पूर्ण दिवस. कझिन, क्युरियूज, आरीद, ला दीग, बर्ड आयलंड अशी नावं वाचून डोकं भणभणलंय. एका एजंटने जो आराखडा पाठवलाय त्यात माहे बेटावर मुक्काम आणि शनिवारी "कझिन + क्युरियूज + सेंट पिएर" असं आहे. हे बरोबर वाटतं का? आईला होडीतून उतरणं जमेल का? घरात दोघांना बोट लागते आणि आई पक्की शाकाहारी आहे, तेही सांगून ठेवतो.

---

खाडीकाठ

आधी शनिवार खोडा. कझिनवर पर्यटकांना सोमवार ते शुक्रवार, तेही सकाळीच घेतात. शनिवार-रविवार आणि तिथल्या सार्वजनिक सुट्ट्यांना बेट बंद. १ नोव्हेंबरला तिकडे ऑल सेंट्सची सुट्टी असते, तुमच्या तारखा त्याच्या आसपास असतील तर तेवढं बघा. शनिवारच्या सहलीत कझिन लिहिलं असेल तर दोनच शक्यता: ऐनवेळी कझिन गाळून क्युरियूजवरच दिवस काढणार, किंवा नुसतं बेटाभोवती चक्कर मारून "ते बघा पक्षी" म्हणणार. आणि नावाचा घोळही लक्षात ठेवा. शेजारीच कूझीन नावाचं दुसरं बेट आहे, ते खाजगी रिसॉर्टचं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोघांत फक्त शेवटच्या एका अक्षराचा फरक. बुकिंगच्या कागदावर "कझिन आयलंड स्पेशल रिझर्व्ह" असं पूर्ण नाव लिहून घ्या.

दुसरं, मुक्काम. माहेला राहून हा दिवस करता येतो, पण ओढाताण होते. माहेहून प्रास्लिनला (दुसरं मोठं बेट, कझिन-क्युरियूज त्याच्याच जवळ) फेरीबोट सुमारे तासाभराची. बेटांच्या होड्या प्रास्लिनहून ९ ते ९.३० च्या सुमाराला सुटतात. म्हणजे पहाटेची फेरी गाठा, उतरून टॅक्सी, मग पुन्हा होडी, संध्याकाळी परतीची फेरी चुकली तर रात्रीची सोय बघा. बोट लागणाऱ्या माणसांसाठी ही शिक्षाच आहे. त्यापेक्षा पाच रात्रींपैकी पहिल्या तीन प्रास्लिनला टाका, शेवटच्या दोन माहेला. मुंबईचं विमान साडेचार तासांच्या आसपास घेतं. उतरलात की त्याच दिवशी पुढे निघा. फेरीचा धक्का माहेवरच्या व्हिक्टोरिया शहरात आहे, विमानतळापासून टॅक्सीने वीसेक मिनिटं. छोट्या विमानाने गेलात तर प्रास्लिन पंधरा-वीस मिनिटांत, आणि दोघांना बोट लागते म्हणताय तर येताना-जाताना निदान एक बाजू विमानाने करा.

तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. त्यांचे सकाळचे ६ म्हणजे आपले ७.३०. पहिले दोन-तीन दिवस मुलगीही आपोआप लवकर उठेल, त्याचा फायदा घ्या.

आता कोणतं बेट. एकाच दिवसात कासव आणि पक्षी दोन्ही हवेत तर जोडी एकच: सकाळी कझिन, दुपारी क्युरियूज. मध्ये किंवा शेवटी सेंट पिएरच्या खडकापाशी स्नॉर्केलिंग असतं, ते बोनस समजा. क्रम उलटा चालत नाही, कारण कझिन सकाळीच उघडं असतं. आणि सगळ्यात आधी बुक करायचं तेही कझिनच. आरीदला समुद्रपक्षी जास्त आहेत, पण तिथे लाटांतून उतरणं कझिनपेक्षा अवघड आणि गुडघ्याचा विचार करता नकोच. बर्ड आयलंडला माहेहून विमानाने जाऊन राहावं लागतं, तो वेगळ्या सहलीचा विषय. ला दीगवर कासवं दिसतात, पण कुंपणात.

दिवस कोणता? प्रास्लिनच्या तीन रात्रींत दोन पूर्ण दिवस मिळतात. दोन्ही कामाचे वार येतील असं विमान निवडा आणि पहिल्या दिवसाचं बुकिंग करा. लाट मोठी असली की कझिनचे रक्षक उतरू देत नाहीत, त्यावर वाद घालून उपयोग नसतो. मग दुसरा दिवस हाताशी असतो. मे ते सप्टेंबर आग्नेयेकडचे वारे जोरात असतात, डिसेंबर ते मार्च वायव्येकडून पाऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल हे मधले शांत दिवस, म्हणजे तुमची वेळ चांगली आहे. पण शांत म्हणजे तळ्यासारखा समुद्र नाही.

पैसे ठरवताना एकच प्रश्न लेखी विचारा: कझिन आणि क्युरियूज दोन्हीची उतरण्याची फी धरली आहे का? पुष्कळदा होडी आणि जेवण दराच्या आत असतं आणि फी वेगळी, माणशी. चार माणसांचा फरक चांगलाच जाणवतो.

होडीचं सविस्तर रात्री लिहितो.

---

वटवट्या

खाडीकाठ यांच्याशी सहमत. पक्ष्यांचं सांगतो.

नोव्हेंबरमध्ये काय मिळणार नाही ते आधी. लहान नॉडी या गडद रंगाच्या समुद्रपक्ष्याचा घरट्यांचा मुख्य हंगाम मे ते सप्टेंबर. तेव्हा झाडाच्या एकेका फांदीवर ओळीने घरटी असतात आणि खाली टोपी घालूनच चालावं लागतं. नोव्हेंबरमध्ये नॉडी दिसतील, पण तो गजबजाट नसेल. बर्ड आयलंडवरची काळ्या सुरयांची (सुरय म्हणजे टर्न, समुद्रपक्षीच) लाखोंची वसाहतही तोवर उठलेली असते. त्यामुळे "लाखो पक्षी" वगैरे कुणी विकत असेल तर त्या महिन्यासाठी ते खरं नाही.

कझिनवर मिळेल ते हे. पांढरा सुरय वर्षभर अंडी घालतो आणि घरटं बांधतच नाही. उघड्या फांदीवर जिथे जरासा खळगा किंवा गाठ असेल तिथे एकच अंडं ठेवतो. पिल्लू जन्मतः मजबूत नख्या घेऊन येतं, म्हणून वाऱ्यात टिकतं. अंडं किंवा पिल्लू तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असू शकतं. रक्षक दाखवतील, तुम्ही फांद्यांना हात लावू नका. पांढऱ्या शेपटीचा ट्रॉपिकबर्डही वर्षभर घरटी करतो, तोही जमिनीवर, झाडाच्या बुंध्याशी किंवा खडकाच्या कपारीत. त्याचे पाय इतके मागे असतात की जमिनीवर धड चालता येत नाही, म्हणून तो उडून न जाता तिथेच बसून राहतो. माणसाळलेला आहे असं समजून जवळ गेलात तर चोच बसते.

जमिनीत बिळं दिसतील ती शिअरवॉटर नावाच्या समुद्रपक्ष्याची. वाट सोडून पाय टाकू नका असं सांगतात ते यासाठी. वरची माती भुसभुशीत असते, पाय आत गेला की बीळ कोसळतं आणि नोव्हेंबरमध्ये आत अंडं किंवा पिल्लू असू शकतं. मुलीला हे आधीच समजावून ठेवा, मग तिला शिस्त लावावी लागत नाही, तीच तुम्हाला टोकेल.

आता माझा लाडका. माझं टोपणनाव ज्याच्यावरून आहे त्याचा सेशेल्समधला भाऊबंद: सेशेल्स वॉर्ब्लर. रंगाने अगदी सामान्य, हिरवट-तपकिरी, आपल्या कुंपणातल्या वटवट्यासारखा. १९६८ मध्ये जगात त्याचे तिशीच्याही आत पक्षी उरले होते आणि ते सगळे कझिन या एका बेटावर. बेटावर तेव्हा नारळाची बाग होती. पक्षीसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, म्हणजे आताच्या बर्डलाइफने, त्याच वर्षी बेट विकत घेतलं, नारळ काढत गेले आणि मूळचं जंगल पुन्हा वर येऊ दिलं. पक्षी इतके वाढले की बेट भरलं. मग १९८८ मध्ये काही आरीदला नेले, १९९० मध्ये कूझीनला, २००४ मध्ये डेनिसला आणि २०११ मध्ये फ्रेगेटला. पायात रंगीत कडी दिसतील, त्यावरून एकेक पक्षी ओळखतात. इतकी वर्षं नोंदी ठेवल्यामुळे गमतीच्या गोष्टी कळल्या. जिथे किडे कमी, त्या जोड्यांना बहुतेक मुलगे होतात, ते उडून जातात. जिथे खाणं मुबलक, तिथे मुली जास्त होतात आणि त्या घरी राहून आईबापांना पुढची पिल्लं वाढवायला मदत करतात.

सेशेल्सचा दयाळही तिथेच. आपल्या दयाळासारखाच, पण आणखी काळा, पंखावर पांढरा पट्टा. १९६० च्या दशकात तो फक्त फ्रेगेट बेटावर जेमतेम डझनभर उरला होता, १९९४ मध्ये कझिनवर आणला. पालापाचोळ्यात किडे शोधतो, त्यामुळे माणसांच्या पायांमागून चालत येतो. थांबा, तो जवळ येईल. शिवाय सेशेल्सचा शिंजीर, फोडी नावाचा सुगरणीच्या कुळातला छोटा पक्षी आणि सापसुरळ्या, ज्या शब्दशः पायाखाली येतात. इतक्या सापसुरळ्या कशा? वरून पडणारी अंडी आणि मासे.

झाडांत पिसोनिया ओळखायला शिका. मोठी पानं, फिकट खोड. त्याची बी चिकट असते, पक्ष्यांच्या पिसांना चिकटून दुसऱ्या बेटांवर जाते. कधी इतकी चिकटते की पक्ष्याला उडताच येत नाही आणि तो मरतो. तसा एखादा दिसला तर मुलीला धक्का बसू शकतो, आधी सांगितलेलं बरं.

आणि उतरल्याबरोबर विमानतळावर जो पहिला पक्षी दिसेल तो आपली साळुंकी. माणसांनी नेऊन सोडलेली. तिकडे ती उपद्रवी पाहुणी आहे, दयाळाच्या घरट्यांना त्रास देते.

---

खाडीकाठ

होडीचं.

घारापुरीला लाँच धक्क्याला लागते, मांडव्यालाही. इथे दोन्ही बेटांवर पाण्यातूनच उतरायचं आहे. कझिनवर तर तुमची होडी किनाऱ्याला लागतच नाही. ती खोल पाण्यात थांबते, बेटाची स्वतःची होडी येते आणि त्यात बदली करावी लागते. कारण उंदीर. बेटावर उंदीर, मांजर नाही, आणि एक गरोदर उंदरीण उतरली तरी जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा खेळ संपला. म्हणून बाहेरची होडी वाळूला टेकू देत नाहीत. त्याच कारणाने आदल्या रात्री पिशव्या झटकून घ्या. चिवड्याचा चुरा, मुंग्या, बुटात अडकलेलं गवताचं बी काही नको.

बेटाची होडी मग वेग घेऊन थेट वाळूवर चढते. नवख्याला वाटतं नावाडी चुकला. चुकत नाही, तीच पद्धत आहे. लाटेत रेंगाळलं तर होडी आडवी होते. त्या क्षणी सगळ्यांनी बसलेलं असावं, एका हाताने धरलेलं असावं, मांडीवर कॅमेरा नसावा. उतरताना आईने उडी मारायची नाही. काठावर बसायचं, दोन्ही पाय बाहेर काढायचे, लाट मागे सरली की रक्षकाचा हात धरून चांगला पाय, म्हणजे डावा, आधी खाली टेकवायचा. चढताना उलट, आधी बूड मग पाय. पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, कधी एखादी लाट कमरेपर्यंत. सलवार-पँट गुडघ्यावर येईल अशी, साडी नको. चपला हातात किंवा पट्ट्याच्या सँडल पायात. दोऱ्या-बटणांची भानगड नको.

कझिनवरची वाट सपाट, वाळूची, बहुतेक सावलीची. रक्षकाबरोबर सव्वा ते दीड तास. टेकडीचा भाग आईने सोडावा, पक्षी सगळे खालीच भेटतात. डास मात्र चावून खातात. बेटावर औषध फवारत नाहीत. पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट आणि डासांचं मलम, होडीत बसण्यापूर्वीच लावा.

क्युरियूजला होडी बे लारे नावाच्या खाडीत सोडते. तिथेच वनरक्षकांचं ठाणं आणि तिथेच कासवं, उतरल्यापासून शंभर पावलांच्या आत. खाडीत उभं राहून पाण्यात बघा, मुशीची पिल्लं आणि पाकट अगदी उथळ पाण्यात फिरताना दिसतात. तिथून तिवरांतून लाकडी पुलावरून आणि मग दगडांची चढ-उताराची वाट पार करून पलीकडे आँस सें जोझेला जातात. दीड किलोमीटरच्या थोडं वर, थांबत-बघत पाऊण तास. जेवण पलीकडे असतं आणि १८७० च्या दशकातलं डॉक्टरांचं जुनं घरही, त्या बेटावर कुष्ठरोग्यांची वस्ती होती तेव्हाचं. ही वाट आईसाठी नाही. होडी सामान घेऊन पलीकडे जाणारच असते. नावाड्याला सकाळीच सांगा, "आई होडीने येईल." कासवांपाशी अर्धा-पाऊण तास बसून आई होडीने जेवणाला, तुम्ही चालत. तुमच्यापैकी एक जण आईबरोबर.

लाकडी पुलाखाली चिखलात मोठाल्या खेकड्यांची बिळं आहेत, मुलीला थांबवा तिथे. बांध फुटलेला दिसेल, तो २००४ च्या त्सुनामीत फुटला.

बसण्याची जागा: होडीच्या पुढच्या टोकाला मजा वाटते, पण आपटणं सगळं तिथेच. आई आणि ज्यांना बोट लागते ते मागे, इंजिनच्या धुरापासून जरा बाजूला, क्षितिजाकडे तोंड करून.

---

गिरगाव_गल्ली_३

बोट लागण्यावर: गोळी निघण्याच्या आधी अर्धा-एक तास घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर घेतली तर उलटीबरोबर बाहेर. ॲव्होमिन नेहमीची, पण झोप आणते, आईची इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. उपाशी पोटी बसू नका. कोरडी पोळी, बिस्किट, केळं. चहा-दूध टाळा. आल्याची वडी खिशात.

जेवण: क्युरियूजवर कोळशावर भाजलेला मासा आणि कोंबडी असते. बाजूला भात, कोशिंबीर, फळं. शाकाहारी म्हणजे मासा चालतो असा तिकडे बऱ्याच जणांचा समज असतो, त्यामुळे "मासा नाही, कोंबडी नाही, अंडं नाही" असं तोडून, बुकिंग करतानाच सांगा. भाज्या त्याच जाळीवर भाजू नका हेही. तरी भरवसा नको, आईसाठी दशम्या आणि लसणाची चटणी बरोबर घ्या, फक्त कझिनला उतरताना डबा मोठ्या होडीतच राहू दे.

भारतीय पिनचा चार्जर तिकडे बसत नाही. तीन चपट्या पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा ॲडॉप्टर क्रॉफर्ड मार्केटमधून घेऊन जा. निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास परवानगीचा अर्ज भरावा लागतो, व्हिसा लागत नाही म्हणून तो विसरतात आणि मुंबईच्या चेक-इन काउंटरवर मोबाइलवर भरत बसतात.

---

परळची_चाळ

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. एजंटला शनिवारचं विचारलं, तो म्हणाला "कझिन बाहेरून दाखवतात". खाडीकाठ, तुमची दुसरी शक्यता. बुकिंग आता आम्हीच करतो.

मुलीचा प्रश्न: कासवाला हात लावता येतो का? पाठीवर बसलेल्या मुलांचे फोटो नेटवर आहेत म्हणून तिला वाटतंय चालत असेल. आणि ही कासवं आणि गॅलापागोसची एकच का?

---

कूर्मगती

पाठीवर बसायचं नाही. कवच म्हणजे कासवाने पाठीवर घेतलेलं दप्तर नव्हे, त्याच्या बरगड्या आणि कणा त्यात जोडलेले आहेत. कवचाला स्पर्शही कळतो.

हात लावायचा तर क्युरियूजवर, रक्षकांना विचारून आणि मानेखाली. बाजूने या, खाली बसा, त्याला तुम्ही दिसला पाहिजेत. थेट समोरून बोटं पुढे केलीत तर त्याला ती पानं वाटतात. दात नसतात, पण जबड्याच्या कडा शिंगासारख्या कठीण, बोट सापडलं तर फुटतं. मानेच्या सुरकुत्यांवर हळू खाजवलं की बरीच कासवं चारही पाय ताठ करून उभी राहतात आणि मान लांब करतात, मिनिटभर तशीच. खाजवणं थांबलं की सगळं वजन धपकन खाली येतं. म्हणून पोटाखाली किंवा पायांजवळ हात-पाय ठेवू नका. मोठा नर अडीचशे किलोपर्यंत भरतो. मान आत घेताना फुस्स आवाज आला तर ते रागावलेलं नाही, मान-पाय आत ओढल्याने फुप्फुसातली हवा बाहेर पडते. तरी तो "पुरे" असा इशारा समजून मागे व्हा.

सनस्क्रीन आणि डासांचं मलम लावलेल्या हाताने लावू नका. नंतर साबणाने हात धुवा, जेवणाआधी तर नक्कीच. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असतो आणि तुमचं जेवण पुढच्या तासात आहे. बिस्किट, केळी, पोळी घालू नका. रक्षकांनी पानं दिली तर लांब देठाचं पान घ्या, देठ धरा.

वेळ. कासव थंड रक्ताचं, दुपारी उन्हात सापडलं तर तापून मरू शकतं, म्हणून साडेदहा-अकरानंतर सावली धरतं आणि झोपतं. तुम्ही क्युरियूजला पोचाल तेव्हा बरीचशी झाडाखाली पसरलेली असतील. मुलीला "कासवं चालताना" बघायची असतील तर तिची निराशा होऊ शकते. उपाय: जेवणानंतर नावाड्याला बे लारेमार्गे परत न्यायला सांगा, तीनच्या पुढे ती चरायला उठतात. ढगाळ असेल किंवा सर आली तर दुपारीही हालचाल असते. डबक्यात तोंड घालून नाकाने पाणी पिताना दिसलं तर नशीब. आल्डाब्राच्या, म्हणजे या इथल्या जातीच्या, कासवाचं ते वैशिष्ट्य आहे, खडकातल्या उथळ खळग्यांतून पाणी उचलायला.

गॅलापागोसची वेगळी. ही आल्डाब्राची. फरक बघायचा तर मानेच्या बरोबर वर, कवचाच्या पुढच्या कडेला मधोमध एक लहानसं खवल्याचं तुकडं असतं. आल्डाब्राच्या कासवाला ते असतं, गॅलापागोसच्याला नसतं. नर ओळखायचा शेपटीवरून, लांब आणि जाड. नराचं पोटाकडचं कवचही आत दबलेलं असतं. कवचावरच्या वलयांवरून वय मोजता येतं असं कुणी सांगेल, महाकाय कासवांत ते धरून चालू नका. वलयं झिजतात.

आल्डाब्रा हे मूळ प्रवाळबेट माहेपासून हजार किलोमीटरहून दूर आहे, तिथे लाखभर कासवं आहेत आणि तिथे तुम्ही-आम्ही सहज जात नाही. क्युरियूजवरची १९७० च्या दशकाच्या शेवटापासून तिथून आणून सोडलेली आणि त्यांची पुढची पिढी. पिल्लांचा वेगळा वाडा ठाण्यापाशी आहे. मुठीएवढी असताना त्यांना खेकडे आणि उंदीर खातात, म्हणून थोडी मोठी होईपर्यंत आत ठेवतात. मुलीला तोही दाखवा.

आपल्याकडचा दुवा हवा असेल तर कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातला अद्वैत, २००६ मध्ये गेला तो. आल्डाब्राचाच. वय अडीचशे सांगत, त्याचा कागदोपत्री पुरावा नाही. सेंट हेलिना बेटावरचा जोनाथन १८८२ मध्ये तिथे नेला तेव्हाच पूर्ण वाढलेला होता, म्हणून त्याचा जन्म १८३२ च्या सुमाराचा धरतात. तो आकडा जास्त पटण्यासारखा.

---

वटवट्या

कूर्मगती यांनी जमिनीवरच्या कासवांचं सांगितलं, समुद्री राहिलं. नोव्हेंबर हा हॉक्सबिल या समुद्री कासवाची मादी अंडी घालायला वर येण्याचा काळ आणि कझिन हा पश्चिम हिंदी महासागरातला त्यांचा महत्त्वाचा किनारा. वेळासला ऑलिव्ह रिडलेसाठी पहाटे उठतात, इथे हॉक्सबिल दिवसाढवळ्या येते. उतरतानाच वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखी खूण दिसली तर बोलू नका, रक्षकाकडे बघा. ती खणत असेल तर हललात की परत फिरते. अंडी पडायला लागली की ती सहसा थांबत नाही, मग रक्षक मागच्या बाजूने, डोक्याच्या दिशेने नव्हे, जवळ नेतात. फ्लॅश नाही.

---

एफ_आठ

कॅमेरा थोडक्यात. मोठी लेन्स ओढून नेऊ नका, ७०-३०० मिमीची पुरते, पक्षी हाताच्या अंतरावर आहेत. पिसोनियाखाली अंधार असतो, आयएसओ १६०० ते ३२००, शटर १/५००. पांढरा सुरय गडद पानांसमोर असला की कॅमेरा फसतो, फोटोत पिसं नुसती पांढरीफटक येतात. एक्सपोझर पाऊण ते एक स्टॉप कमी करा. तोच आकाशासमोर असेल तर उलट, एक स्टॉप वाढवा. कासवासाठी २४ किंवा २८ मिमीची लेन्स, पोटावर झोपून, त्याच्या डोळ्याच्या पातळीवर. उभं राहून काढलेल्या फोटोत ते दगडासारखं दिसतं.

ड्राय बॅग घ्या, वीस लिटरची. मोबाइलच्या पारदर्शक पिशवीची चाचणी घरी बादलीत, आत टिश्यू ठेवून. भिजलेले मोबाइल बहुतेक परत चढताना भिजतात, उतरताना नाही. येताना सगळे जपतात, जाताना खिशात टाकतात.

---

माहीमची_खाडी

वेगळा सूर लावते. आई ६८, गुडघा दुखरा, दोघांना बोट लागते. मग सेशेल्सच का? मॉरिशसला माहेबुर्गजवळ ईल ओ एग्रेत नावाचं २६ हेक्टरचं बेट आहे. विमानतळ तिथून जवळ. किनाऱ्यापासून होडीने दहा मिनिटांच्या आत, खाडीच्या आतलं शांत पाणी. मार्गदर्शकाबरोबर दीड-दोन तास सपाट चालणं. आल्डाब्राचीच कासवं मोकळी, गुलाबी कबूतर (१९९० च्या सुमाराला रानात दहाच्या आसपास उरलेलं), मॉरिशस फोडी, आणि एबनीचं मूळ जंगल. मॉरिशसची स्वतःची महाकाय कासवं डोडोसारखीच संपली, म्हणून २००० पासून ही परकी कासवं त्यांच्या जागी कामाला लावली आहेत. ती एबनीची फळं खातात आणि त्यांच्या पोटातून गेलेली बी जास्त चांगली रुजते.

---

खाडीकाठ

माहीमची_खाडी यांचा मुद्दा आईच्या दृष्टीने बिनतोड आहे. पण परळकरांना समुद्रपक्षी हवेत आणि ते ईल ओ एग्रेतला घरटी करताना दिसत नाहीत, तिथे जंगलातले पक्षी आहेत. गुडघा जास्तच बिघडला तर मॉरिशस, नाहीतर सेशेल्स. गॅलापागोसचं कुणी मनात आणत असेल तर मुंबईहून जाण्यातच दोन दिवस, आणि २०२४ पासून उद्यानाची फीच मोठ्या माणसाला २०० डॉलर.

---

परळची_चाळ

आईला दोन्ही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "काठावर बसून पाय टाकायचे ना? जमेल." सेशेल्सच. रविवारी पोचून थेट प्रास्लिन, बुधवारी माहे. सोमवारी कझिन-क्युरियूज, मंगळवार राखीव. राखीव दिवस मोकळा राहिला तर काय करावं? आणि माहेच्या बाजारात तो मोठा जोडनारळ मिळतो म्हणे, आणायचा आहे.

---

वटवट्या

मंगळवारी व्हाले द मे, म्हणजे प्रास्लिनवरचं ताडांचं संरक्षित जंगल. सकाळी उघडताच. काळा पोपट आत दाट झाडीत शोधत मान दुखवण्यापेक्षा आधी प्रवेशद्वाराच्या आसपास आणि गाड्या लावतात तिथल्या फळझाडांवर पंधरा मिनिटं द्या. त्याला बिलिंबी फार आवडते. शिटीसारखा उंच आवाज आला की वर बघा. निळं कबूतर आणि जाड नारिंगी चोचीचा बुलबुलही तिथेच. वाटा काही ठिकाणी पायऱ्यांच्या आहेत, आईला सगळ्यात छोट्या फेरीवर न्या.

---

कूर्मगती

जोडनारळ म्हणजे कोको द मेर, आपल्याकडे दर्याचा नारळ म्हणून वाहत यायचा आणि साधू-फकिरांची भांडी त्याची होत तो. रानात फक्त प्रास्लिन आणि क्युरियूजवर उगवतो. अधिकृत दुकानातूनच घ्यायचा, त्यावर क्रमांकाचा टॅग आणि सोबत निर्यात परवाना. रस्त्यावर स्वस्तात देणाऱ्याकडे परवाना नसतो आणि विमानतळावर तो काढून घेतात. वजनही बघा, ओला असेल तर पंधरा-वीस किलो, म्हणून पोकळ केलेलाच घ्या. किनाऱ्यावरचे शंख-पोवळी मात्र उचलू नका, मुलीच्या खिशातली वाळू निघण्याआधी एकदा तपासा.

---

गिरगाव_गल्ली_३

सोमवारी सेंट पिएरला स्नॉर्केलिंग करणार असाल तर टी-शर्ट घालूनच पाण्यात. विषुववृत्तापासून जेमतेम चार अंश, पाठ आणि पोटऱ्या अर्ध्या तासात भाजतात आणि रात्री कळतं.